पानं ताठ, पण खोडातल्या नळ्या काळ्याच

मंडळी, मी झाडांचे एमआरआय काढते. पाणी तुटलं की झाडाच्या आत ते कुठे अडतं, हे पाहणं माझं संशोधन.

आज सकाळी बरेच दिवस पाणी न दिलेलं द्राक्षाचं रोप मशीनमध्ये ठेवलं. खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या चित्रात पांढऱ्या दिसतात. याच्या बऱ्याचशा काळ्या होत्या, म्हणजे आत हवा शिरली होती.

माझ्यासोबत काम करणारी शैला म्हणाली, "गेलं हे. टाकून देऊया."

मी पाणी घातलं. दुपारपर्यंत पानं ताठ झाली. "अगं, जगलं की!" शैला हसली.

पुन्हा स्कॅन केला. नळ्या तशाच काळ्या. उरलेल्या थोड्या नळ्यांवर सगळं रोप तगून होतं.

संध्याकाळी भाईंदरला घरी आल्यावर आईला दोन्ही चित्रं दाखवली. तिने विचारलं, "आता जगेल ना?"

"पाणी मिळत राहिलं तर जगेल. पुन्हा तोडलं तर बहुतेक नाही."

"मग नको ना तोडूस," आई म्हणाली.

सोमवारी पुन्हा पाणी तोडायचं ठरलंय. नाहीतर दुसऱ्या दुष्काळात झाड किती टिकतं, ते कळणारच नाही. मी तोडणार आहे.

तुम्ही काय केलं असतं?