फौजीला काही झालेलं नाही!

दुपारी बारा. भिवंडी कोर्टाच्या आवारातली चहाची टपरी. मी कोर्टाचा वार्ताहर; बातम्या छापून होतात, किस्से खिशात साचत जातात. हे सगळे एकाच माणसाचे. अंजूरचा हरी पाटील, माजी सैनिक, गोदामावर वॉचमन. सगळे त्याला फौजी म्हणतात. गोदामाजवळून वरात गेली, फटाके फुटले. हा "लेट जाओ!" ओरडत धावला आणि गोदामावरचा जो ट्रक ड्रायव्हर आडवा पडला नाही, त्याचं डोकं काठीने फोडलं. तेव्हापासून कच्चा कैदी.

*

पोलिसांनी लिहिलं, 'दारूच्या नशेत'. खरंच होतं. मी गावात विचारलं, एवढी प्यायचा कोणासोबत?

शेजारी खुशीत म्हणाला, "मिलिटरी कॅन्टीनची रम त्याची, पार्टी आमची! फौजीसारखा दोस्त न्हाय."

मग जामीन राहतोस का? लगेच त्याला शेतावर काम आठवलं!

*

त्याची बायको कुंदा मात्र पहिल्या तारखेला मला म्हणाली, "भाऊ, आत हाय तवर दारू तरी सुटंल. मंग डॉक्टरला दाखवून घरी नेईन."

*

वकील अन्सारींनी मानसोपचारासाठी अर्ज केला. तुरुंगाचा अधिकारी कोर्टात छाती काढून म्हणाला, "हा आजारी? पहाटे सगळ्यांच्या आधी उभा! अंथरुणाला एक सुरकुती नाही. माझ्या स्टाफपेक्षा शिस्तीचा!"

अन्सारी उसळले. "सुरकुती पडणार कशी? वो सोता ही नहीं!"

लोक हसले. अर्ज पुढच्या तारखेवर गेला.

*

अधिकाऱ्याला मी बाहेर गाठलं. झोपत नाही, तर रात्रभर करतो काय?

"पहारा देतो! दाराशी ताठ उभा. आमच्या शिपायांना आराम. छापू नका हं!"

बदल्यात काय देता?

"चहा-बिस्कीट," म्हणाला, आणि मोबाईल कानाला लावला. मोबाईल वाजलाच नव्हता!

*

पुढच्या तारखेला फौजीला आणलंच नाही. बराकीत पडला म्हणून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. कुंदा धावली, मागोमाग मी.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "प्यायलाय. उतरली की बोलेल."

"कसा पियेल?" कुंदा ओरडली. "चार महिने तो तुरुंगात हाय!"

डॉक्टर पुन्हा वाकले, वास घेतला.

"ताई, ही आजचीच आहे."