दादांची खीर

दादा गेल्यानंतरचं पहिलं पित्तर. भरणीला मी सकाळच्या एसटीने लोणीहून माहेरी पिंपळवंडीला पोचले, तेव्हा वहिनी भजी तळत होती आणि आई तांदळाची खीर ढवळत होती. मी चमचाभर चाखली. नुसतं दूध-तांदूळ.

"आई, साखर राहिली गं."

"राहिली न्हाई. टाकलीच न्हाई. ह्यांना शुगर व्हती."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. दोघींनाही हसू येत होतं, पण हसायचं कसं?

आमच्या वडिलांना, दादांना, गोड म्हणजे जीव की प्राण. डॉक्टरांनी ते बंद केल्यापासून आईचा पहारा सुरू झाला. लग्नकार्यात ती बायकांच्या पंगतीतून वाकून त्यांच्या ताटात बघायची. दादाही बिलंदर. कांद्याच्या चाळीत गुळाचा खडा लपवायचे, आणि आई मुंग्यांच्या रांगेमागे जाऊन तो शोधून काढायची. ते गेले तरी फोटोपुढचा चहा बिनसाखरेचाच होता. आणि ती रडली मात्र नव्हती. दहाव्यालाही पावण्यांचं चहापाणी बघत फिरत होती.

"अगं, आता तिथं कुठली आलीय शुगर?" मी म्हटलं. "लई वर्षं मन मारलं त्यांनी. आज तरी गोड घाल की."

"तुला काय ठावं? पाय सुजला व्हता तवा कोण शेकीत बसलं?" आई उसळली. मग एकदम हातातली पळी थांबली. खीर खाली लागेल म्हणून वहिनीने गॅस बारीक केला.

"खरंय," आई हळूच म्हणाली. "आता त्यांना काय व्हायचं राहिलंय?"

तिने डबा ओढला आणि मुठीमुठीने साखर टाकायला लागली. "घ्या! खावा आता पोटभर!" म्हणत हसली, आणि हसता हसता ओट्याला टेकून हुंदके द्यायला लागली. वहिनीने तिला जवळ घेतलं. मी डोळे पुसत खीर ढवळत राहिले.

दादांचं पान स्लॅबवर ठेवून आम्ही जेवलो. खीर जिभेला चिकटत होती. आईने दोनदा घेतली.

हल्ली सकाळी फोटोला फुलं वाहताना ती त्यांना गावभरच्या बातम्या सांगते. बिबट्या कुणाच्या उसात दिसला, कुणाची सोयरीक जमली. माझा फोन गेला तरी मध्येच म्हणते, "थांब गं, एवढं ह्यांना सांगून येते."

मीही थांबते.