कार्टला हॉर्न नसतो

गो-कार्टच्या ट्रॅकवर माझे साडू विलासराव हॉर्न शोधत होते. पुढे कोणी आलं की त्यांचा अंगठा आपोआप स्टिअरिंगच्या मधोमध जायचा आणि पाय ब्रेकवर. माझं डोकंच फिरलं. "अहो, ॲक्सिलरेटर दाबा की! इथे ना खड्डा, ना स्पीडब्रेकर!" मी जाळीबाहेरून ओरडलो.

या माणसाच्या दारात रेसच्या ट्रॅकवर पळावी अशी गाडी उभी आहे. तिच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. कार्ट म्हणजे काय, तर चार चाकं, एक इंजिन आणि पाटाएवढी बैठक. पण जमिनीला जवळजवळ टेकून बसलेलं असताना वळण आलं की साधा वेगही दुप्पट वाटतो. त्या गाडीच्या एका टायरच्या पैशांत असे कितीतरी रविवार निघतील. वेगच हवा असेल तर एवढं पुरतं. पण आपल्याकडे वेग विकत घ्यायचा आणि त्यावर कव्हर घालून ठेवायचं, अशी पद्धत आहे.

परतताना महामार्ग अगदी मोकळा मिळाला. विलासरावांच्या गाडीत, त्या प्लॅस्टिकवर घसरत, मी म्हणालो, "आता तरी दाबा."

"नको हो. रनिंग कमी असलं की विकताना किंमत चांगली येते," ते म्हणाले, आणि रिकाम्या रस्त्यावर त्यांनी हॉर्न वाजवला.

म्हणजे ती गाडी खरं तर उद्याच्या कुणा अनोळखी गिऱ्हाइकाची होती. आम्ही दोघं ती नुसती त्याच्याकडे पोचवत होतो, सावकाश.