दोर धरणारे

देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या सुमारास मी पत्रकं वाटायला अर्नाळ्याला गेलो होतो. ‘समाजाचं ध्रुवीकरण झालंच पाहिजे,’ हे त्यातलं वाक्य माझं. शाळेत लोहचुंबकाच्या दोन टोकांकडे धावणारा लोखंडाचा कीस पाहिल्यापासून हा शब्द माझ्या मनात बसला होता. पण किनाऱ्यावर एक बाहेरचा पुढारी माझ्याआधीच पोचला होता. “हिंदू इकडे, किरिस्ताव तिकडे,” असं तो सांगत होता, आणि लोक खरंच सरकत होते.

तेवढ्यात क्रूस रंगवलेली एक होडी लाटांत आडवी झाली. खलाशांनी दोर फेकला. बोंबील वाळत घालणारी एक कोळीण धावली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हाताला खारा वास. दोर खांद्यावर घेऊन ती ओरडली, “दोर धरनारे हिकडं या, बघनारे तिकडं ऱ्हावा!”

मग माझ्याकडे वळली. “कागदवाले भाऊ, हात हायेत का नुसती जीभ?”

मी पत्रकं वाळूत टाकून दोर धरला. बघता बघता सगळा किनारा आमच्या बाजूला आला. होडी वाळूला लागली, तेव्हा पलीकडे चपला सांभाळत पुढारी एकटा उरला होता.

पत्रकातलं ते वाक्य मी आजही खोडलेलं नाही. रेघ ओढायलाच हवी. ती कुठून ओढायची, ते त्या बाईने दाखवलं.

होडी ओढणाऱ्याला वाटा देण्याची तिथे रीत आहे. माझ्या सोललेल्या तळहातांवर तिने मूठभर बोंबील ठेवले.

“घे. तू दोरवाला.”

याहून मोठी पदवी मला अजून मिळालेली नाही.