पिवळ्या बल्बची इमर्जन्सी

आमच्या घरातली पहिली इमर्जन्सी, म्हणजे चार्जिंगचा दिवा, माझा रंग बघून घेतली गेली. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण नारायणगावच्या त्या दुकानात मी स्वतः उभी होते, तेव्हा माझ्याइतका पक्का साक्षीदार दुसरा नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. खोडदच्या अलीकडे आमची वस्ती. दिवेलागणीला लाइट जायची ती जेवणं उरकल्यावर यायची, आणि विहिरीवरच्या मोटारींसाठी थ्री फेज मिळायची ती रात्रीच. शेतापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळातलं काय काय ऐकत असायच्या आणि इकडे आम्ही चाचपडत भाकरी खायचो. चिमणी आणि मेणबत्ती आम्हाला पुरत होती. खरं सांगते, त्या अंधारातल्या गप्पा मला अजून आठवतात. वडील बाजारभाव सांगायचे, आई त्यात त्यांची चूक काढायची. लाइट आली की सगळे एकदम "आलीऽ" म्हणून ओरडायचो आणि मग गप्प होऊन टीव्हीकडे तोंड करून बसायचो.

अशात मला बघायला यायचं ठरलं. मुलगा घोडेगावला नोकरीला, त्यामुळे पाहुणे ऑफिस सुटल्यावर निघणार, म्हणजे पोचणार नेमके लाइट नसताना. त्याआधी दोन ठिकाणांहून "मुलगी सावळी आहे" असा निरोप आला होता. तिसराही तसाच आला असता तर भावकीत मी कायमची 'राहिलेली' ठरले असते. त्या धास्तीनं आई अर्धी झाली होती. वडील म्हणाले, "रविवारी दिवसा बोलवू का?" तर ती घाईघाईनं म्हणाली, "नको नको. सांजचंच बरं हाय."

मग उजेड कशाचा करायचा यावर वाद पेटला. माळ्यावर जुनी गॅसबत्ती होती. तिचा लग्नघरासारखा लखलखाट पडतो म्हणून वडिलांना ती हवी होती. आई म्हणाली, "न्हाई. तिच्यात माणसाचा केस न् केस दिसतो." तिला कंदील हवा होता, तर वडिलांना त्यात कमीपणा वाटत होता. शेवटी इमर्जन्सी घ्यायची ठरली आणि आम्ही तिघं बाजाराच्या दिवशी नारायणगावला गेलो.

दुकानदार बॅटरीचं आणि गॅरंटीचं कौतुक सांगत होता. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं त्याला शटर अर्धं खाली ओढायला लावलं, मला काउंटरपाशी उभं केलं आणि एकेक दिवा माझ्या तोंडापुढे धरून बघायला लागली, अंगाला साडी लावून बघतात तशी.

"ह्यो नको, लई पांढराय. ह्याच्यात निळसर दिसती."

दुकानदार म्हणाला, "मावशी, उजेड घरात पाडायचाय का पोरीवर?"

वडील रस्त्याकडे बघायला लागले. अखेर एका टोकाला छोटा पिवळा बल्ब असलेली इमर्जन्सी पसंत पडली. त्यात मी जरा उजळ दिसत होते म्हणे. मला हसूही येत होतं आणि रडूही.

पाहुणे यायच्या आदल्या रात्री कांद्याला पाणी द्यायची पाळी होती. नवी कोरी वस्तू घरात असताना वडील जुनी टॉर्च कशाला घेतील? इमर्जन्सी बांधावर ठेवून त्यांनी रात्रभर तिच्या उजेडात पाणी भरलं. सकाळी चार्जिंगला लावली खरी, पण त्या दिवशी लाइट नुसती आली-गेली करत राहिली. आमच्याकडचा माणूस पोरीचं स्थळ विसरेल, पण कांद्याची पाळी चुकवणार नाही.

संध्याकाळी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी मान खाली घालून पोहे दिले. मामांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. तेवढ्यात पिवळा उजेड तांबूस झाला आणि विझला.

स्वयंपाकघराच्या दारातून आईचं पुटपुटणं मला स्पष्ट ऐकू आलं, "बरं झालं, गेली एकदाची."

मामा म्हणाले, "आसू द्या, आमचं बघून झालंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. परक्यांनी नाकारलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं. माझ्या आईला मी दिसायलाच नको होते! मी उठले, मेणबत्ती पेटवली, माळ्यावरची गॅसबत्ती काढली आणि पाहुण्यांच्या मधोमध आणून ठेवली. रॉकेल ओतलं आणि पंप मारायला लागले. वडील नुसते "अगं, अगं" करत होते. बत्ती फुरफुरली, पण धरेना.

मुलगा म्हणाला, "आदी पिन मारा. तोंड चोंदलं आसंल."

आणि सरळ गुडघे टेकून समोर बसला. मी पंप मारला, त्यानं पिन मारली. मेंटलची जाळी भपकन पेटली आणि भिंतीवरच्या पालीसकट सगळं घर उजळलं.

मी मान वर केली. "आता नीट बघून घ्या," मी म्हणाले. "मागून सावळी म्हणून निरोप धाडू नका."

मामा खाली बघायला लागले. मुलाच्या नाकाला काजळी लागली होती, आणि तसाही तो काही गोरा नव्हता.

"तुमी बी बघून घ्या," तो म्हणाला. "मी दिवसा बी आसाच दिसतो."

त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला, पण तिचं हसू लपलं नाही. मला तो तिथंच आवडला. दुसऱ्या दिवशी होकार आला.

आईशी मात्र मी लग्नापर्यंत मोजकंच बोलत होते. हळदीच्या दिवशी बायका गाणी म्हणत होत्या, "पोरगी कशी उजळली बघा" म्हणून एकमेकींना सांगत होत्या. माझ्या गालाला हळद लावता लावता आई थांबली आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "मला तू काळी कदीच दिसली न्हवतीस गं. ती लोकं नको म्हणली, तवापासनं मी त्यांच्या डोळ्यांनी बघाया लागले."

तिचा हळदीचा हात मी गालावर तसाच दाबून धरला.