शामरावांची चार बोटं खिडकी

शामराव नागपूरच्या इंदोऱ्याचे. तिथे मार्च सरला की माणूस आधी कूलर धुतो, मग तोंड. दिल्लीत सरकारी क्वार्टरांचे वायरमन म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं काढली, पण नाव झालं ते कूलरमुळे. कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करणाऱ्यांना त्यांनी शिकवलं, की बाबांनो, ओली हवा आत आली तर तिला बाहेर जायला वाट द्या, नाहीतर खोलीचा धोबीघाट होतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. लोकांनी ठेवली, लोकांना गार वाटलं, आणि लक्ष्मीबाई नगर या सरकारी कॉलनीतल्या एकवीस मराठी घरांत शामरावांचा शब्द कायदा झाला. कुठल्या डिग्रीवाल्याने शिकवलं नव्हतं त्यांना. हाताने शिकले होते, म्हणून ताठा होता. असावाच.

निवृत्तीनंतर ते आणि त्यांची बायको गंगुबाई त्याच कॉलनीतल्या लेकीच्या क्वार्टरात राहायला आले. लेक लुंबिनी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, महिन्यातले दहा दिवस दौऱ्यावर. नात उन्नती बारावीला. गंगुबाईंना दमा, म्हणून लुंबिनीने आईच्या खोलीत एसी बसवून घेतला.

शामरावांनी एसीलाही कूलरचाच नियम लावला. बंद खोलीत माणूस घुसमटतो, त्यात ही दम्याची, म्हणून खिडकी चार बोटं उघडी. मग गारवा पुरेना, तर आकडा थेट सोळावर. सोळा केलं की खोली लवकर गार होते, हेही त्यांनीच कॉलनीभर सांगून ठेवलेलं. मे महिन्याचं ऊन, रस्त्याची धूळ, शेजारच्या बांधकामाची भुकटी, सगळं त्या फटीतून आत यायचं. मशीन दिवसभर धापा टाकायचं आणि त्याच्या जोडीने गंगुबाई.

खोकला वाढत चालला तसं शामरावांनी ठरवून टाकलं, की दिल्लीची हवा हिला मानवत नाही. हिने नागपूरला भावाकडे, पांडूकडे जावं. आपण उन्नतीची परीक्षा होईपर्यंत इथे थांबू, पोरीला एकटं कसं टाकणार. म्हणजे दहा महिने. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात दोघं कधी दहा दिवस वेगळे राहिले नव्हते. गुरुवारची गाडी होती, गंगुबाईंनी सोमवारीच साड्या बॅगेत भरल्या.

मंगळवारी दुपारी धुळीची आंधी आली. आकाश पिवळं पडलं, वाळत घातलेले कपडे समोरच्या झाडावर गेले. शामरावांनी धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावल्या, खिट्या घातल्या. वीज नशिबाने टिकली. आंधी ओसरली तरी ते गंगुबाईंची खिडकी उघडायला गेले नाहीत, कारण गंगुबाईंचा डोळा लागला होता. अर्धा तास झाला, तास झाला. खोकल्याची एक उबळ नाही. खोली इतकी गारठली की शामरावांनी आकडा सव्वीसवर नेला आणि पंखा हळू सोडला. तरी गारच.

त्यांच्यातला वायरमन जागा झाला. स्टुलावर चढून त्यांनी एसीच्या वरच्या जाळीपाशी सुताचा दोरा धरला. दोरा आत ओढला गेला. खाली धरला, तर बाहेर फडफडला. मग बाल्कनीत जाऊन बाहेरचा डबा निरखला; सव्वीसवर तो मधेच थांबून विसावा घेत होता. भिंतीतून दोन तांब्याच्या नळ्या, एक वायर आणि पाणी जायची एक बारकी नळी. बाहेरची हवा आत यायला वाटच नाही. हा पठ्ठ्या खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, आणि आपण त्याच्या तोंडावर सगळी दिल्ली सोडत होतो. सोळा म्हटलं म्हणून तो काही जास्त जोरात पळत नव्हता, नुसता थांबत नव्हता.

गंगुबाई उठल्या तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते. ते म्हणाले, "गंगू, खिडकी बंद आहे."

"माहितीये. परवा तुम्ही दळण आणायला गेलात तेव्हा मीच लावली होती. बरं वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

गंगुबाईंनी पदर सारखा केला. "एकवीस घरांना सांगून ठेवलंय तुम्ही. मी कुठे तुम्हाला खोटं पाडू?"

नवऱ्याचा शब्द राहावा म्हणून ही बाई दहा महिने विरहात काढायला निघाली होती. असल्या मोठेपणाचा राग येतो. शामरावांनाही आला, पण स्वतःचा. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दौऱ्यावरच्या लुंबिनीला फोन करून तिकीट रद्द करायला सांगितलं, आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"एकवीस घरांत."

"थांबा. मीही येते."

पहिलं दार खालच्या मजल्यावरच्या विजयमालाचं. शामराव उंबऱ्यातच म्हणाले, "एसीला खिडकी उघडी ठेवा म्हणालो होतो, ते चुकलं माझं. तो नियम कूलरचा. एसी चालू असताना बंद ठेवायची. सकाळी मशीन बंद असताना उघडा, खोलीला वारा लागू दे. आणि सोळा-बिळा काही नको, सव्वीस अगदी पुरे."

विजयमाला आधी गंगुबाईंकडे बघत राहिली, मग खाली. "काका, रागावू नका. आमची बंदच असते. जिन्यात तुमचा आवाज आला की उघडतो."

शामरावांचा चेहरा पडला. गंगुबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "म्हणजे मी एकटीच भित्री नव्हते."

"आणखी किती जण उघडतात गं माझ्यासाठी?" शामरावांनी विचारलं. विजयमाला पाणी आणायला आत गेली.

पाणी पिऊन ते दुसऱ्या जिन्याकडे वळले. कुणाची खिडकी खरी उघडी आणि कुणाची मानापुरती, ते दार वाजवल्याशिवाय कळणार नव्हतं. दोन पायऱ्या चढल्यावर त्यांनी मागे पाहिलं. गंगुबाई कठडा धरून दम घेत होत्या. ते परत खाली आले आणि हात पुढे केला.

"सावकाश," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे."