लाटसाहेबांचे पुढचे दोन दात

नोकरी वजनकाटे तपासायची. दुकानादुकानांतून फिरायचं आणि कुणाचा काटा किती खोटा ते हुडकायचं. जन्मभर हेच केल्यामुळे समोर येणारा प्रत्येक माणूस त्यांना थोडा कमीच भरायचा. बायकोला अक्कल कमी, जावयाला पगार कमी, आणि ज्या हौशी बँडमध्ये ते पहिलं ट्रम्पेट वाजवत, तिथल्या यच्चयावत मंडळींना कान कमी. मंडळी त्यांना पाठीमागे लाटसाहेब म्हणत. त्यांना ते कळलं होतं, आणि आवडलंही होतं.

असा हा माणूस एका सकाळी न्हाणीघरात घसरला आणि बेसिनवर आपटून वरचे पुढचे दोन दात घालवून बसला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हाडात स्क्रू बसवू. हाडानं ते घट्ट धरले की त्यांवर दात. चार-पाच महिने जातील. तोवर ही खोट्या दातांची पट्टी लावा, दिसण्यापुरती. फुंकायचं मात्र अजिबात नाही."

"ट्रम्पेट म्हणजे चुलीची फुंकणी वाटली का तुम्हाला?" लाटसाहेब फणकारले. पण फटीतून नुसती हवाच निघाली.

खरी धास्ती वेगळी होती. सुट्टी मागितली, की बँडमास्तर पहिली खुर्ची दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला देणार. हा दुसरा पोस्टात शिक्के मारायचा आणि मान खाली घालून वाजवायचा.

"त्याला सूर कशाशी खातात ते तरी माहीत आहे का? मेंगळट नुसता!" ते घरी म्हणाले.

"मग सुट्टी घ्यायला भिता कशाला?" बायको म्हणाली.

या बाईला संगीतातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्यांनी ट्रम्पेट पुसायला घेतलं.

त्यांनी तोड काढली. अग्निशमन केंद्राच्या माडीवर तालीम व्हायची. तिथे ते नेहमीच्या थाटात पहिल्या खुर्चीत बसायचे, ट्रम्पेट ओठांपासून केसभर लांब धरायचे, बोटं नाचवायचे, गाल फुगवायचे. आवाज मात्र काढायचे नाहीत. शेजारचा पोस्टवाला एकदा तिरक्या नजरेनं बघत राहिला आणि मग आपली ओळ सोडून पहिल्या ट्रम्पेटची वरची ओळ तोच वाजवू लागला. बाकी कुणाला पत्ता नाही! सगळा बहिऱ्यांचा बाजार, लाटसाहेब खूश होऊन मनाशी म्हणायचे.

अखेर दात बसले. फुंकायची परवानगी मिळाली. त्या संध्याकाळी लाटसाहेब ताठ बसले. आता दाखवतोच एकेकाला, असं म्हणत त्यांनी छाती भरून पहिलाच सूर असा लावला, की खिडकीच्या काचा थरथरल्या. बँडमास्तरांनी स्टँडवर काठी आपटून सगळ्यांना थांबवलं.

"पहिलं ट्रम्पेट! अहो, हे काय? इतके महिने किती सुरेल वाजवत होतात! मी घरी कौतुकानं सांगितलं, माणूस सुधारला म्हणून. आज पुन्हा बोंबलायला लागलात?"

कुणी हसलं नाही. लाटसाहेबांना वाटलं, आता हा पोस्टवाला तोंड उघडणार. मेल्याला हीच संधी हवी होती. त्यानं तोंड उघडलंही, पण त्यांच्या कानाशी.

"तुम्ही नुसते गाल फुगवा साहेब," तो कुजबुजला, "मी आहे."

संतापानं आणि शरमेनं लाटसाहेबांचे कान तापले. मास्तरांची काठी वर गेली. लाटसाहेबांनी गाल फुगवले.